रांझीचा अलार्म

हमामात्सूत भावनाला सगळ्यात आधी खटकलं ते हे, की तिथं सकाळ झाल्याचं कळतच नसे. रांझीत सकाळ व्हायची ती आवाजांनी. नळाखाली बादली ठेवल्याचा आवाज, सायकलची घंटी, कुणाच्या तरी घरातला कुकर. हमामात्सूत ती खिडकी उघडायची तर खाली पिवळ्या टोप्या घातलेली लहान लहान मुलं एकामागे एक शाळेत जात असायची, आणि तीही हळू बोलायची.

भावना गजभिये मूळची जबलपूरची. वडील डोमाजी रांझीतल्या फॅक्टरीत भट्टीपाशी काम करून रिटायर झालेले. आई शेवंता घरीच. आजोबा कधीकाळी भंडाऱ्याकडून कामाच्या शोधात इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, असं भावनाचं बोलणं. इंजिनिअरिंग झालं, जपानी भाषेची परीक्षा झाली, आणि हमामात्सूतल्या एका लहानशा कंपनीत यंत्रांची ड्रॉइंग काढायची नोकरी मिळाली. अख्ख्या वस्तीत जपानला गेलेली ती पहिलीच.

नोकरी चांगली होती. माणसंही चांगली होती. पण संध्याकाळी खोलीवर आलं की बोलायला कोणी नसे. म्हणून ती मोबाइलसमोर बोलायला आणि ते व्हिडिओ नेटवर टाकायला लागली. हिंदीत, जबलपूरच्या मैत्रिणीशी बोलावं तसं. आज काय पाहिलं, एवढंच सांगायची. पाण्याची बाटली फेकायची तर झाकण वेगळं, वरचा कागद वेगळा, बाटली वेगळी. कचऱ्याच्या पिशव्यांवर कावळ्यांसाठी जाळं टाकतात. दुकानाबाहेर ठेवलेली छत्री परत आलं की तिथंच असते. ट्रक डावीकडे वळायचा असला तर बाईच्या आवाजात आधी सांगतो, मी डावीकडे वळते आहे, सांभाळा. लोकांना हे आवडायला लागलं. रांझीतल्या बायका शेवंताला भाजी घेताना थांबवून सांगायच्या, "दीदी, आपकी भावना का वीडियो देखा, क्या मस्त बोलती है."

मग तिने आवाजावर एक व्हिडिओ केला. स्टेशनवर माणसांची रांग, कुणाच्या तोंडून शब्द नाही. बसमध्ये फोन वाजला म्हणून एक बाई कशी शरमली ते. फलाटावरच्या लोकांचे चेहरे तिने नीट धूसर केले होते, कारण तिकडे न विचारता कुणाचा चेहरा दाखवणं वाईट समजतात. आणि शेवटी ती म्हणाली, "अब सुनिए, हमारे रांझी की सुबह." त्यावर तिने एक तुकडा जोडला. मागच्या खेपेला घरी आली असताना गच्चीवरून तिने तो सहज काढला होता. अंगणातला नळ, नळापाशी लुंगी-बनियनवर डोमाजी. मान वर करून, डोळे मिटून, पोटातून जोर लावून घसा खाकरतायत. एकदा, दोनदा, मग लांबलचक. शेजारच्या भिंतीवरचं मांजर दचकून उडी मारतं. भावनाचा आवाज येतो, "ये मेरे पापा हैं. पूरे मोहल्ले का अलार्म."

तो व्हिडिओ कुठल्या कुठे गेला. जबलपूर काय, पाटणा काय, इंदूर काय. कुणी डोमाजींच्या खाकरण्याला ढोलकीचा ताल लावला, कुणी मांजराची उडी पुन्हा पुन्हा दाखवली. भावना ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत लोकांनी लिहिलेलं वाचायची आणि एकटीच हसायची. "मेरे पापा भी सेम" असं कितीतरी जणांनी लिहिलं होतं. तिला वाटलं, किती प्रेमानं पाहतायत सगळे.

त्यानंतर घरी फोन केला की डोमाजी दोन शब्द बोलून फोन शेवंताकडे द्यायचे. "बरी हायस ना? हं, घे, आईसंग बोल." भावनाला त्यात काही नवं वाटलं नाही. बाबा फोनवर कधीच फार बोलत नसत.

मे महिन्यात जपानात सलग सुट्ट्या येतात. त्यातच त्या वर्षी बुद्धपौर्णिमा आली. भावनाने आठवडाभराची रजा जोडून घेतली आणि घरी आली. स्टेशनवर तिला घ्यायला धाकटा भाऊ सुगत आला होता. गाडीवर बॅग पुढे घेऊन बसला, रस्ताभर बोलला, पण व्हिडिओचं नाव काढलं की "हाँ दीदी, चल रहा है" एवढंच म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावना जागी झाली. कूलर बंद पडला होता, लाइट गेली होती. ती पडल्या पडल्या वाट पाहत राहिली. बादली वाजली, सायकलची घंटी वाजली, कुकरची शिट्टी झाली. तो आवाज मात्र आला नाही. ती अंगणात आली तर डोमाजी नळापाशी नव्हते. बाथरूमचं दार आतून बंद होतं आणि आत नळ पूर्ण सोडलेला होता. पाण्याच्या आवाजाखाली काहीतरी दबलेलं ऐकू येत होतं, तोंडावर टॉवेल धरून खोकावं तसं. थोड्या वेळाने डोमाजी तोंड पुसत बाहेर आले. डोळे लाल झाले होते.

भावनाला खरंच आनंद झाला. तिने चहा ओतत आईला म्हटलं, "आई, बाबा तर एकदम जपानी झाले! कित्ती बदलले. आता एक 'पहले और बाद में' वाला व्हिडिओ करते मी."

शेवंताने पोळी लाटता लाटता तिच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण डोमाजी दारातून म्हणाले, "शेवंता, माहा चष्मा कुठं ठेवला?" आणि ती उठून गेली.

ते दोन दिवस असेच गेले. डोमाजी जेवताना घसा दाटला की पाणी प्यायचे, पुन्हा पाणी प्यायचे, आणि नाहीच जमलं तर ताटावरून उठून आत जायचे. पूर्वी संध्याकाळी चौकातल्या चहाच्या टपरीवर जाऊन बसायचे, आता जात नव्हते. भावनाने विचारलं तर म्हणाले, "लय गरमी होऊन राहिली बाई. कोण जाते." तिला ते पटलं.

पौर्णिमेच्या सकाळी सगळे पांढरे कपडे घालून विहारात गेले. विहार वस्तीच्या टोकाला होतं, पत्र्याचं छप्पर, पंचशीलाची पताका, भिंतीला ताजा निळा रंग. बाहेर मोठ्या पितळी गंजात खीर शिजत होती. भावनाला लहानपणापासून माहीत होतं की इथं वंदना म्हणायचे ते तिचे बाबा. डोमाजी शाळा फार शिकले नव्हते, पण पाली गाथा त्यांना वडिलांकडून तोंडपाठ होत्या. आवाज असा, की माइक बंद पडला तरी खीर ढवळणाऱ्या बायकांपर्यंत पोचायचा. सुरू करण्याआधी ते दोनदा घसा खाकरायचे. ते ऐकलं की चपला काढणारे घाईने काढायचे, पोरं गप्प व्हायची, हात आपोआप जोडले जायचे.

त्या दिवशी डोमाजी पुढे गेलेच नाहीत. मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसले. पुढे गेले ते बापू, पलीकडच्या गल्लीतले निवृत्त पोस्टमन. हातात पुस्तक धरून त्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. भले गृहस्थ होते, पण आवाज बारीक, आणि दोनदा ओळ चुकली. दुसऱ्यांदा चुकली तेव्हा मागे बसलेल्या डोमाजींचे ओठ हलताना भावनाने पाहिले. आवाज मात्र नव्हता.

वंदना झाल्यावर ती खिरीपाशी गेली. तिथं बेबीताई मोठी पळी घेऊन उभ्या होत्या. शेवंताच्या जुन्या मैत्रीण, भावनाला अंगाखांद्यावर खेळवलेल्या.

"बेबीताई, आज बाबा काहून नाही म्हणाले? तब्येत ठीक नाही का त्यांची?"

बेबीताईंनी पळी थांबवली. "तुले कोणी सांगतलं नाही?"

"काय?"

"अरे बाप्पा." त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि तिला जरा बाजूला घेतलं. "तुहा तो व्हिडिओ आला ना, त्याच्यानंतरच्या ऐतवारची गोष्ट. तुये बाबा वंदनेले उभे राहिले. नेहमीसारखं खाकरले. अन् पोरं हसली. एकानं मोबाइलवर तेच लावलं, ढोलकीवालं. मग मोठेही हसले. मीही हसली, बाई. खोटं काहून बोलू? तोंडावर पदर घेतला, पण हसली."

भावनाने विहाराच्या दाराकडे पाहिलं.

"त्यायनं वंदना पुरी केली. मधात सोडली नाही. मग विहारातलं पुस्तक बापूच्या हाती दिलं अन् म्हणे, आता तुम्ही म्हणत जा. तवापासून नाही म्हणत. चौकातही पोरं 'अलार्म अंकल, अलार्म अंकल' करतात. भट्टीवर जल्मभर राहिलेला माणूस, त्याचा घसा तसाच राहीन ना? त्याले का शौक आहे?"

भावनाचे कान तापले. शेवंता पत्रावळ्या मांडत होती, तिच्याजवळ जाऊन तिने हलक्या आवाजात विचारलं, "आई, मले काहून नाही सांगितलं?"

शेवंताने मान वर केली नाही. "त्यायनंच मना केलं. म्हणे, पोरगी एकटी राहते तिकडं. तिचा तेवढाच विरंगुळा आहे. नको सांगू."

ते ऐकल्यावर भावनाला एका जागी उभं राहवेना. काहीतरी आत्ताच्या आत्ता केलं पाहिजे, सगळ्यांसमोर झालं ते सगळ्यांसमोरच मोडलं पाहिजे, असं तिच्या मनाने घेतलं. लोक अजून आत बसलेले होते, समितीची माणसं सूचना सांगत होती. ती पुढे गेली आणि बापूंकडून माइक मागितला. जपानहून आलेली मुलगी दोन शब्द बोलणार म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"मी... मेरे से एक गलती झाली," ती म्हणाली. मराठी आणि हिंदी एकमेकांत अडकत होत्या. "मी बाबाचा व्हिडिओ टाकला. त्यांना न विचारता. तुम्ही सगळे हसले, पण तुमची गलती नाही, माझी आहे. माझे बाबा इथं इतकी वर्षं वंदना घेतात. आज माझ्यामुळं ते मागे बसले आहेत. मी सर्वांसमोर त्यांची माफी मागते. बाबा, प्लीज, तुम्ही इथं या ना. तुम्ही म्हणा."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. डोमाजी भिंतीला टेकून बसले होते, एक गुडघा वर, त्यावर हात. इतके डोळे एकदम आपल्याकडे वळल्यावर त्यांनी हात खाली घेतला. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी मोबाइल वर धरला. मग आणखी एक वर आला. एक पोरगी रडायला आल्यासारखं तोंड करून शूट करत होती.

डोमाजी उठले. भिंतीचा आधार घेत उठले, कुणाकडे न बघता दाराशी गेले, चपला पायात सरकवल्या आणि उन्हात निघून गेले.

भावना माइक हातात धरून तशीच उभी राहिली. बापूंनी तो हळूच काढून घेतला.

ती अनवाणीच मागे धावली, मग चपलांसाठी परत आली, मग पुन्हा धावली. डोमाजी कांचघरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागले होते. सुट्टीमुळे रस्ता रिकामा होता. सायकल दुरुस्तीच्या बंद दुकानापुढे कडुलिंबाची सावली होती, तिथल्या बाकड्यावर ते टेकले. भावना बाजूला उभी राहिली, मग बसली. डोमाजींनी आधी रस्त्यावर कुणी नाही ना ते पाहिलं, मग तोंडावर रुमाल धरून घसा मोकळा केला.

"बाबा, सॉरी," ती म्हणाली.

"हं."

"मी सच में... मले माहीतच नव्हतं."

"माहीत नव्हतं तर ठीक आहे." ते रुमालाची घडी घालू लागले. "पण आता तं माहीत झालतं ना? मग माफी मागायची होती तं घरी मागायची. मी घरीच होतो."

 भावना नखांनी बाकड्याचा रंग खरवडत राहिली. माइक हातात घेताना आपल्याला बरं वाटलं होतं, हे तिला आता आठवलं. बाबांचं काय होईल हे त्या क्षणी तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. आपल्या मनावरचं ओझं उतरावं, लोकांनी आपल्याला चांगलं म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. व्हिडिओ टाकतानाही तेच तर हवं होतं.

मग डोमाजींनी विचारलं, "तिथं कोणीच नाही खाकरत काय?"

प्रश्नात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"खाकरतात," भावना म्हणाली. "माझ्या बाजूच्या खोलीत सुझुकी-सान राहतात. तुमच्यापेक्षा मोठे असतील. भिंत पातळ आहे. रोज सकाळी ते खाकरतात, अगदी तुमच्यासारखं. गुळण्या पण करतात, जोरात."

"अच्छा?" डोमाजींनी तिच्याकडे पाहिलं. "तुले तरास होत असन."

"नाही. पहिले पहिले मी त्याच आवाजानं उठायची. घरी असल्यासारखं वाटायचं. एकदा आवाज आला नाही तर मी घाबरली. दार वाजवलं. ते मुलीकडे गेले होते. मग परत आले तर माझ्यासाठी संत्री घेऊन आले."

डोमाजींच्या चेहऱ्यावर किंचित हसू आलं. "चांगला माणूस दिसते. मग त्याचं काहून नाही दाखवलं तू?"

"त्यांना न विचारता कसं दाखवणार? तिथं असं चालत नाही, ते खूप..."

ती मध्येच थांबली. आपण काय बोललो ते तिला तिच्याच कानांनी ऐकू आलं. फलाटावरच्या अनोळखी माणसांचे चेहरे तिने एकेक करून धूसर केले होते. त्यात एक अख्खी संध्याकाळ गेली होती. व्हिडिओत सुझुकी-सानचं नाव घ्यायलाही ती कचरली होती. आणि बाबांचा तुकडा जोडायला किती वेळ लागला? चहा निवायच्या आत काम झालं होतं. विचारायचं असतं, हे मनातही आलं नव्हतं. आणि शांत जपान दाखवायचं होतं, म्हणून सुझुकी-सानचा आवाज तिने जगाला सांगितलाच नाही.

डोमाजींना ते कळलं असावं.  ते कडुलिंबाची एक काडी उचलून तिचे तुकडे करत बसले.

"बाबा, तुम्ही पुन्हा वंदना म्हणाल ना?"

"नाही."

"काहून?"

"आता खाकरलं की मलेच हसू येते," डोमाजी म्हणाले. "वंदनेत हसू येऊ नये. मन तिकडं लागत नाही मंग." ते उठले. "अन् एक ऐक. माह्याबद्दल सांगणं बंद कर. वाईट नको, चांगलंही नको. आज जे बोलली तसंही नको. चाल, आई वाट पाहत असन. खीर संपून जाईन."

विहारात परतल्यावर लोकांनी त्यांना जागा दिली.  डोमाजींनी खीर खाल्ली, बेबीताईंनी वाढायला पुढे केली तर आणखी घेतली. भावनाची खीर तशीच राहिली.

तिने तो व्हिडिओ त्याच दिवशी काढून टाकला. पण ढोलकीवाले, मांजरवाले तसेच फिरत होते. ते कुणाकुणाला सांगून काढायला लावणार? तिने काही जणांना लिहिलं. एकाने उत्तर दिलं, "दीदी, चिल, अंकल लेजेंड हैं." विहारातल्या माफीचा व्हिडिओही कुणीतरी टाकला होता. त्याखाली लोक रडण्याचे चेहरे टाकत होते आणि भावनाला संस्कारी म्हणत होते. तिने फोन बंद करून उशीखाली ठेवला.

उरलेले दिवस तिने घरात काढले. बाबांसोबत पनागरहून भाजी घेऊन येणाऱ्या टेम्पोपाशी गेली, आईसोबत पापड घातले. एकदा सकाळी ती मुद्दाम बाथरूमच्या दाराशी जाऊन म्हणाली, "बाबा, बाहेर करा ना. कोणी नाही बघत." आतला नळ आणखी मोठा झाला. मग ती पुन्हा तसं बोलली नाही.

निघायच्या दिवशी डोमाजी स्टेशनवर सोडायला आले. सुगत तिकिटावरचा डबा कुठं येईल ते पाहायला पुढे गेला होता. दिल्लीची गाडी लागायची होती. तेवढ्यात पाठीवर सॅक घेतलेला एक तरुण थांबला, भावनाकडे पाहिलं, मग डोमाजींकडे, आणि त्याचा चेहरा एकदम खुलला.

"अरे, आप तो वो जापान वाली दीदी! और ये... अंकल आप? सच में? मेरी मम्मी आपकी इतनी बड़ी फैन है. एक फोटो, प्लीज?"

"नहीं भैया," भावना लगेच म्हणाली. "फोटो नहीं. प्लीज, वो सब हटा दिया है."

तरुणाचा चेहरा पडला. तो वाईट माणूस नव्हता. कान पकडल्यासारखं करत तो मागे सरू लागला.

"राहू दे," डोमाजी भावनाला म्हणाले. मग तरुणाकडे वळून म्हणाले, "आओ बेटा. ले लो."

त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली आणि त्याच्या शेजारी ताठ उभे राहिले. तरुणाने हात लांब करून मोबाइल धरला, भावनालाही बोलावलं. ती गेली, कारण बाबांनी तिच्यासाठी जागा केली होती. अगदी जवळ उभं राहिल्यावर तिला बाबांच्या घशाचं हाड दिसलं. ते वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. ते गिळत होते. फोटो निघेपर्यंत त्यांनी तोंड घट्ट मिटून ठेवलं, आणि तोंडावर हसू ठेवलं.

"थैंक यू अंकल, आप बहुत स्वीट हो," म्हणत तरुण गर्दीत गेला.

डोमाजी फलाटाच्या टोकाकडे, जिथं कुणी नव्हतं तिकडे चालू लागले. एक हात खिशातल्या रुमालाकडे गेला होता. भावना बॅगेपाशी उभी राहून त्यांची पाठ बघत राहिली. मागे जावं की नाही, हे तिला ठरवता येईना. गाडी लागल्याची घोषणा झाली.

ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात पाण्याची थंड बाटली होती. "घे," ते म्हणाले. "रस्त्यात लागन."